दुकान ग्राहकांच्या स्वाधीन करणारा दुकानदार

आपल्या भागात कुणी ‘किराणा दुकान’ म्हणते, कुणी ‘अंगडी’. नाव काहीही असो, दुकान बापाकडून मुलाकडे जाते ही आपली रीत. स्वित्झर्लंडच्या गॉटलीब डुटवायलर या व्यापाऱ्याने मात्र भरभराटीला आलेला धंदा चक्क ग्राहकांच्या नावावर करून टाकला!

१८८८ साली झुरिच येथे जन्मलेल्या डुटवायलर यांची घाऊक किराणा मालाची पेढी १९२३ मध्ये बंद पडली. ब्राझीलमध्ये शेती करून पाहिली, तिथेही जम बसला नाही. मायदेशी परतून ऑगस्ट १९२५ मध्ये त्यांनी ‘मिग्रोस’ नावाने पाच ट्रकमधून फिरती विक्री सुरू केली. जिन्नस फक्त सहा : कॉफी, तांदूळ, साखर, मॅकरोनी, स्वयंपाकाचे खोबरेल आणि साबण. पुड्यांची किंमत ठोक असे, त्यानुसार वजन कमीजास्त केले जाई. त्यामुळे सुट्ट्या पैशांसाठी खोळंबा नाही. दलाल नाही, दुकानभाडे नाही, म्हणून माल स्वस्त.

प्रस्थापित व्यापारी खवळले. कारखानदारांनी माल देणे नाकारले, तेव्हा डुटवायलर स्वतःच माल तयार करू लागले. १९३३ मध्ये सरकारने नव्या शाखा उघडण्यावर बंदी घातली, ती १९४५ पर्यंत टिकली. या साऱ्यातून धंदा वाढला. दारू विकायची नाही, हा १९२८ पासूनचा दंडकही त्यांनी मोडला नाही.

सहकारी पतसंस्था, दूध संघ आपल्याला नवे नाहीत. तिथे सभासद भांडवल गोळा करून संस्था उभारतात. डुटवायलर यांनी उलटे केले. आधी धंदा उभारला आणि १९४१ मध्ये त्याची सहकारी संस्था करून ग्राहकांना भाग फुकट वाटले. पत्नी आडेले यांची त्यांना साथ होती. या दांपत्याला मूलबाळ नव्हते. झुरिचजवळच्या रुश्लिकॉन येथील आपली जमीनही त्यांनी सार्वजनिक बागेसाठी दिली.

जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषांच्या या देशात मिग्रोसने १९४४ मध्ये स्वस्त भाषावर्ग सुरू केले. एकाच घरात दोन भाषा नांदवणाऱ्या आपल्या वाचकांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे १९५७ मध्ये विक्रीचा ठरावीक हिस्सा संस्कृती, शिक्षण व समाजकार्यावर खर्च करण्याची तरतूद नियमावलीतच केली गेली. नफा असो वा नसो, हा हिस्सा द्यायचाच. मालकाच्या मर्जीवर काही ठेवले नाही.

१९६२ मध्ये डुटवायलर वारले. साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मिग्रोसच्या दुकानांत दारू ठेवावी का, यावर सभासदांचे मतदान झाले. समूहाच्या ‘डेनर’ या वेगळ्या दुकानांत दारू मिळते, हे खरे. तरीही दहाही प्रादेशिक संस्थांच्या सभासदांनी प्रस्ताव फेटाळला. दारूच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न त्यांनी आपणहून नाकारले. दुकान खरोखरच ग्राहकांचे झाले होते, याची याहून चांगली साक्ष कोणती?