घरी रेकॉर्डिंगसाठी साउंड कार्ड घेताय?

मामेबहिणीला रियाज घरी रेकॉर्ड करायचाय. परवा तिचा फोन आला, "दादा, कुठलं साउंड कार्ड घेऊ?" मी विचारलं, "एका वेळी माइक किती लावणार?"

निवड तिथूनच सुरू होते. नुसतं गाणं असेल तर एक माइक इनपुट पुरतो. तबला आणि डग्गा वेगवेगळे घ्यायचे तर दोन माइक प्रीअॅम्प लागतात. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट सोलो कार्डात असा प्रीअॅम्प एकच आहे, टू-आय-टूमध्ये दोन.

कंडेन्सर माइक वापरणार असाल तर ४८ व्होल्ट फँटम पॉवर हवीच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा आला तरी लय डळमळते. या सोयीमुळे तो कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट कानात येतो. विंडोज असेल तर हा उशीर कमी ठेवणारा कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, तेही बघा.

१९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या आकड्याला भुलू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ घरच्या कामाला भरपूर झालं. वाचलेले पैसे चांगल्या माइकवर घाला आणि भिंतींवर जाड गोधड्या टांगा. घुमणारी खोली महागडं कार्डही सुधारू शकत नाही.

काय रेकॉर्ड करायचंय, कॉम्प्युटर कुठला आणि बजेट किती, ते सांगा. नक्की सुचवतो.