अंक तोच, माप निराळें

मान, प्रमाण, परिमाण, अनुमान हे सारे शब्द 'मा' म्हणजे मोजणें या एकाच संस्कृत धातूपासून निघाले आहेत. 'प्रमाण' या शब्दाचे तर दोन अर्थ होतात : एक माप आणि दुसरा खात्रीचा पुरावा. माप निश्चित नसेल तर पुरावाही लटका पडतो, असा हा संबंध आहे. परंतु साऱ्या जगाचें माप अद्यापि एक झालेलें नाहीं, आणि त्यापायीं केव्हां केव्हां माणसांचे प्राणही संकटांत सांपडतात.

राज्यक्रांतीपूर्वीं फ्रान्सांत गांवोगांवीं निरनिराळीं मापें चालत. १७९१ सालीं तेथील पंडितांनीं असें ठरविलें कीं, माप कोणा राजावर नव्हे तर पृथ्वीवरच बसवावें. उत्तरध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग तो मीटर. त्यासाठीं देलांब्र व मेशें या दोघां ज्योतिर्विदांनीं १७९२ ते १७९८ पर्यंत डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतच्या रेषेचें मापन केलें. मीटर, ग्रॅम व लिटर यांस १७९५ च्या कायद्यानें मान्यता मिळाली. लिटरभर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम आणि सर्व पायऱ्या दहाच्या. त्यामुळें लांबी, आकारमान व वजन हीं एका सूत्रांत ओविलीं गेलीं.

इंग्रजांची परंपरा वेगळी. बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड आणि १७६० यार्डांचा मैल. १८२४ च्या कायद्यानें ब्रिटननें आपलीं मापें नव्यानें बांधून घेतलीं. पण अमेरिका तत्पूर्वींच स्वतंत्र झालेली असल्यामुळें तिनें जुना मद्याचा गॅलनच पुढें चालविला. म्हणून ब्रिटिश गॅलन सुमारें ४.५५ लिटरांचा, तर अमेरिकन ३.७९ लिटरांचा. ब्रिटिश टन २२४० पौंडांचा, अमेरिकन २००० पौंडांचा आणि मेट्रिक टन १००० किलोग्रॅमचा. गंमत अशी कीं, १९५९ पासून यार्डाची व्याख्याच ०.९१४४ मीटर अशी आहे. मूळ आधार मीटरचा, तरी अमेरिकेच्या रस्त्यांवर मैल आणि बाजारांत पौंड चालूच आहेत.

या दुहेरी कारभाराचा परिणाम २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत दिसला. मॉन्ट्रिअलहून एडमंटनला निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवें होतें. इंधनदर्शक यंत्र बिघडलेलें असल्यानें टाकींत कांडी घालून मोजलें, तों ७,६८२ लिटर शिल्लक निघालें. एका लिटराचें वजन सुमारें ०.८ किलोग्रॅम, म्हणजेच १.७७ पौंड. हिशेब करणारांनीं १.७७ हा पौंडांचा आंकडा किलोग्रॅमचा म्हणून धरला. त्यामुळें वस्तुतः सुमारें २०,००० लिटर इंधन भरावयाचें तें ४,९१६ लिटरच भरलें गेलें. वाटेंत ओटावा येथें पुन्हां मोजदाद झाली. पण गुणक तोच धरल्यामुळें हिशेब पुन्हां जुळला! पुढें ४१,००० फुटांवर धोक्याची सूचना झाली आणि थोड्याच वेळांत दोन्ही एंजिनें बंद पडलीं. कप्तान पिअरसन यांस बिनएंजिनाचीं ग्लायडर विमानें चालविण्याचा सराव होता. त्यांनीं तें अवाढव्य विमान तरंगत नेऊन गिम्ली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरविलें. आंतील ६९ माणसांपैकीं एकही दगावलें नाहीं.

येथें गुणाकार बरोबर होता, भागाकारही बरोबर होता. चुकला तो अंकापुढील शब्द. अंकगणिताच्या उत्तरापुढें 'रुपये' किंवा 'शेर' न लिहिल्यास गुण कापणारा मास्तर मुलांस खाष्ट वाटतो, परंतु त्याचा आग्रह निरर्थक नसतो.

आपल्या देशांतही पूर्वीं मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक असे. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं आणि हा घोळ मिटला. तरी घरगुती व्यवहारांत दोन्ही पद्धती अजून शेजारीं नांदतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्यें, तोंडीं व्यवहार मात्र एकर-गुंठ्यांत. गुंठा व आर एकच, असें पुष्कळजण समजतात. वस्तुतः गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि आर सुमारें १०७६ चौरस फुटांचा. फरक क्षुल्लक दिसतो, पण एकराचे चाळीस गुंठे 'चाळीस आर' म्हणून लिहून दिले, तर सुमारें पांचशें चौरस फूट जमीन हिशेबांतून नाहींशी होते. एवढ्या जागेंत एका लहान कुटुंबाचें बिऱ्हाड होतें!

तीच गोष्ट तापाची. जर्मनींत राहणाऱ्या नातवाचा ताप '३९' आहे असें कळलें, तर फॅरनहाइटची संवय असलेल्या आजीबाईंस त्याचा बोधच होत नाहीं, तो १०२.२ अंश असतो. औषधाचा चमचाही पांच मिलिलिटरांचा निराळा आणि पंधरांचा निराळा. मुलाच्या औषधांत ही गफलत झाल्यास मात्रा तिप्पट होते. म्हणून खरेदीखत असो कीं औषधाची बाटली, आंकडा वाचून थांबूं नये. त्याच्यापुढें कोणतें माप लिहिलें आहे तें घरांतील दोघांनीं तरी पाहावें.