मस्कतमध्ये भोंगा बसवताना

मस्कतमध्ये हॉर्न ऐकू येतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे केशरी-पांढरी टॅक्सी. फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला "येणार का?" असं विचारायची तिची ती रीत. दुसरं कारण चहा. कॉफी शॉपसमोर गाडी लावायची, उतरायचं नाही, हॉर्न हलकेच दाबायचा. आतून पोरगा येतो, करक चहाची ऑर्डर घेतो आणि कागदी कप खिडकीशी आणून देतो. बाकी सिग्नलला, चौकात, कामावर जायच्या गर्दीतही सगळं गप्प. पुण्या-मुंबईहून नवा आलेला माणूस सुरुवातीला सवयीने हॉर्न देतो, मग लोक वळून बघायला लागले की आपसूक सुधारतो. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी एकदा काही सिग्नलांना आवाज मोजायची यंत्रं जोडली होती. गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मस्कतला असलं काही सुचणारही नाही.

मग इथे गाडीला एअर हॉर्न कशाला? उत्तर शहराबाहेर आहे. अल हमराकडून डोंगर चढून शरफत अल अलमैनच्या खिंडीत आलं, की पलीकडे रुस्ताकच्या दिशेने वादी बनी औफची वाट उतरते (वादी म्हणजे एरवी कोरड्या नदीची दरी). उतार जीव मुठीत धरायला लावणारा, रुंदी बऱ्याच ठिकाणी एका गाडीपुरती, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. मध्येच डोंगराच्या कुशीत बिलाद सीत हे खजुरांचं गाव. तिथली माणसं ही वाट पाठ असल्यासारखी चालवतात, पाहुणे मात्र वळणापलीकडे काय आहे या धास्तीने. वरंध किंवा आंबेनळी घाटात 'हॉर्न द्या' अशी पाटी दिसली की आपण निमूट देतो. वादीत पाटी नसली तरी नियम तोच. पण समोरच्या गाडीच्या काचा बंद, एसी पूर्ण जोरात आणि टायरखाली खडी वाजतेय. माझ्या गाडीच्या मूळ हॉर्नचा आवाज तिथे पोचतच नसे.

उंटांसाठी हवा असेल, असंही काही जण म्हणाले. आदमहून हैमामार्गे थुमरैतला जाणाऱ्या रस्त्यावर किंवा पावसाळी धुक्यात सलालाच्या डोंगरात उंट रस्त्यावर उभा दिसतो, हे खरं. पण उंटासाठी ब्रेक असतो, हॉर्न नव्हे. तो हॉर्नने हलत नाही, आणि हललाच तर कुठल्या बाजूला हलेल याचा नेम नाही.

वादी कबीरमध्ये स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. दुकानदार बहुतेक मल्याळी किंवा पाकिस्तानी, भाषा सगळ्यांची मिळून झालेली हिंदी. एअर हॉर्न म्हटल्यावर काउंटरवर खोक्यांची चळत लागते आणि खोक्यांवर आकडे: 139 डेसिबल, 150 डेसिबल, एकावर तर चक्क 300. आता हवेत शुद्ध ध्वनिलहर म्हणून जो आवाज असू शकतो, त्याची कमाल मर्यादाच साधारण 194 डेसिबल. त्यापलीकडे लहर राहत नाही, स्फोटाचा धक्का होतो. तेव्हा 300 छापणाऱ्याने वाळवंट रिकामं करायचा बेत केला असावा. उरलेले आकडेसुद्धा किती अंतरावरून मोजले हे लिहिल्याशिवाय फोल, कारण मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतला 28 क्रमांकाचा नियम हे अंतर बांधून देतो: गाडीत बसवलेल्या हॉर्नचा आवाज 7 मीटरवरून 93च्या खाली नको आणि 112च्या वर नको. मी सर्वांत कमी फुशारकी मारणारं खोकं उचललं.

आत मुठीएवढा काळा कॉम्प्रेसर, प्लॅस्टिकचे दोन लाल कर्णे (एक आखूड, एक लांब), हातभर नळी, एक रिले आणि चार स्क्रू. वायर नाही, फ्यूज नाही. ज्या दोन गोष्टींवर सगळं काम अवलंबून, त्याच नेमक्या गायब.

कर्ण्याचं मागचं झाकण उघडून बघण्यासारखं असतं. आत पातळ पत्र्याची गोल चकती, म्हणजे डायफ्रॅम, कर्ण्याच्या आतल्या तोंडावर दाबून बसलेली असते. कॉम्प्रेसरची हवा मागून येते, दाब वाढतो, चकती किंचित उचलते. फटीतून हवा निसटली की दाब उतरतो आणि चकती पुन्हा टपकन बसते. हे सेकंदाला काहीशे वेळा. कर्ण्याची लांबी कुठला सूर धरायचा ते ठरवते: लांब तो खर्जातला, आखूड तो वरचा. मूळच्या डिस्क हॉर्नमध्येही चकतीच असते, पण तिला विद्युतचुंबक ओढतो आणि संपर्क तुटला की सोडतो. त्याला वीज थोडी लागते. इथे आधी हवा दाबायची, मग वाजवायचं, म्हणून भूक मोठी: 15 ते 20 अँपिअर.

आमच्या इमारतीत कुडाळकडचे एक गृहस्थ राहतात. पोटापाण्याला एसीची दुरुस्ती आणि जिवाला भजन, पेटी फार सुरेख वाजवतात. हाताखाली घ्यायला म्हणून मी त्यांना बोलावलं आणि बघता बघता मीच त्यांच्या हाताखाली गेलो. मूळ हॉर्नच्या वायरला हा जोडला तर चालेल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "पायपात पाणी बारीक येता, थंय नळ मोठो बसवून काय करतलात?" आणि पटावं म्हणून लगेच जोडूनच दाखवलं. मूळ वायर बारीक, तिच्यावर फ्यूज 10 अँपिअरचा. बटण दाबल्यावर कॉम्प्रेसर कण्हला, कर्ण्यांतून रडवेला सूर निघाला आणि क्षणात फ्यूज उडाला. "गंधार बसलो," कुडाळकर म्हणाले. दहाचा फ्यूज जाणार हे त्यांना ठाऊकच होतं, दुसरा त्यांच्या खिशात होता.

गंधार ही थट्टा नव्हती. जोडीने बसवलेल्या हॉर्नचे सूर बहुधा 400 आणि 500 हर्ट्झच्या आसपास ठेवलेले असतात. म्हणजे प्रमाण चारास पाच, सा आणि शुद्ध गंधार. कानाला एकजीव लागावं पण दुर्लक्ष करता येऊ नये, असा हा मेळ. त्यातही उष्म्याने फरक पडतो. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सुमारे पाच टक्क्यांनी जास्त, त्यामुळे कर्णा मस्कतच्या उन्हाळ्यात जवळपास अर्ध्या सुराने वर चढायला बघतो. मात्र सा आणि ग दोघंही बरोबरच चढतात, म्हणून बिघडत काही नाही.

काम आम्ही थंडीत, संध्याकाळी काढलं. ओमानच्या उन्हाळ्यात रात्रही सुटका करत नाही. 26 जून 2018ला मस्कतच्या पलीकडच्या कुरय्यातमध्ये चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान 42.6 अंश होतं. तेवढ्या उन्हात पान्याला हात लावला तर हाताचा ठसा पान्यावर राहील.

सर्वांत आधी बॅटरीची ऋण केबल काढली. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, त्या बाजूला आम्हाला हात घालायचाच नव्हता. तरीही उघड्या वायरी आणि पत्रा यांच्या संगतीत बॅटरी जोडलेली ठेवणं बरं नव्हे. मग प्रश्न जागेचा, आणि खरा वेळ तिथेच गेला. ग्रिलच्या मागे समोरून भरपूर जागा दिसते, पण ती रिकामी नसते. तिथे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्यामागे रेडिएटर. त्यांच्या वाऱ्यात कॉम्प्रेसर टांगला तर जुलैत एसी रुसतो, हे एसीवाल्या माणसाला सांगावं लागलं नाही. आम्ही बंपर सैल करून हेडलाइटच्या खालचा कोपरा धरला. कॉम्प्रेसर उभा हवा, आडवा बसवला तर त्याची मोटर लवकर जाते. कर्ण्यांची तोंडं पुढे आणि थोडी खाली, म्हणजे पाणी साचत नाही. वादी ओलांडताना रस्त्याकडेला पाण्याची खोली दाखवणारे खांब असतात, त्यांच्याकडे बघूनच आम्ही कॉम्प्रेसर चार बोटं आणखी वर घेतला. नळी जितकी आखूड तितकी बरी. ट्रकच्या हॉर्नला ब्रेकच्या टाकीतली दाबलेली हवा तयार मिळते, गाडीच्या हॉर्नला ती दर वेळी नव्याने दाबावी लागते. नळी लांब ठेवली की बटण दाबणं आणि आवाज येणं यांत अंतर पडतं, आणि झटकन टिचकी मारली तर नुसती चिरचिर.

वायरिंग ऐकायला क्लिष्ट, करायला सोपं. रिलेच्या पायांवर 30, 85, 86, 87 असे आकडे असतात. कुठल्याही कंपनीचा रिले घ्या, आकडे जर्मन मानकातले, तेच. बॅटरीच्या धन टोकापासून अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर 30वर. या वायरीत 20 अँपिअरचा फ्यूज, आणि तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज कॉम्प्रेसरपाशी बसवणारे महाभाग आहेत. मधली वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तो फ्यूज नुसता बघत बसणार. 87वरून तीच जाड वायर कॉम्प्रेसरला, आणि कॉम्प्रेसरची दुसरी वायर अर्थला. अर्थ देताना बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, रंगावर अर्थ बसत नाही. 85 आणि 86 हे रिलेच्या आतल्या गुंडाळीचे पाय. तिला अँपिअरचा पाचवा हिस्सासुद्धा लागत नाही. म्हणजे मूळ हॉर्नच्या बारीक वायरीने आता ओझं उचलायचं नाही, फक्त निरोप द्यायचा.

कुडाळकर थिंबल दाबत होते. तार किती सोलायची, थिंबलमध्ये किती सरकवायची, पक्कड कुठे धरायची, यात त्यांची पेटीवाली बोटं दिसत होती. प्रत्येक जोड दाबला की ओढून बघायचा, मग वर रबरी स्लीव्ह, लायटरची आच दुरून. इन्सुलेशन टेप त्यांना चालत नाही. इथल्या उष्म्यात टेपचा डिंक ओघळतो आणि वर्षभरात टेप वायरीवर मोकळी फिरते.

इथवरचं काम वादी कबीरमधला कुठलाही पोरगा तासाभरात करून देतो, आणि काही रियालांत. स्वतः करायचं ठरवलं ते पुढच्या भागासाठी. दुकानात बसवतात तेव्हा मूळ हॉर्न काढून टाकतात आणि त्या जागी हा. मग चहावाल्यासमोरही हाच वाजणार. पोराच्या हातातला ट्रे गेलाच म्हणून समजा. आम्ही मूळ हॉर्न होता तिथे, होता तसा ठेवला. त्याच्या वायरीला एक फाटा काढला, तो रबरी बुशातून आत, पेडलांच्या वर, डॅशबोर्डखालच्या छोट्या स्विचला नेला आणि तिथून परत रिलेच्या 86वर. 85 अर्थला. माझ्या टोयोटात हॉर्नला एकच वायर येते, दुसरं टोक बॉडीवरच, म्हणून हे इतकं सरळ झालं. दोन वायरींच्या हॉर्नला आधी टेस्ट लॅम्प लावून धन कुठली ते बघावं लागतं. आता स्विच बंद असला की बटण दाबल्यावर फक्त मूळ हॉर्न. चालू असला की दोन्ही. शहरात स्विच बंद. माझ्या मते हा स्विच नसेल, तर मस्कतमध्ये राहणाऱ्याने एअर हॉर्न घेऊच नये.

मूळ हॉर्न तसाच ठेवलेला कायद्याच्या अंगानेही बरा. गाडीत परवानगीविना केलेले फेरफार ओमानच्या पोलिसांना चालत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्यावं. नाहीतर मुल्कियाचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचं, नूतनीकरण करताना जुन्या गाडीच्या तपासणीत उत्तरं द्यावी लागतात. भारतातही 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119वा नियम आलटून-पालटून सूर काढणाऱ्या आणि कर्कश हॉर्नना मनाई करतो. आपल्या घाटांतल्या ट्रकना ही बातमी अजून पोचायची आहे.

पहिली चाचणी घ्यायला आम्ही वस्तीपासून लांब, मोकळ्या माळावर गेलो. इंजिन चालू, स्विच चालू, कानांत कापूस. आवाज आला तो छातीत आला. कुडाळकरांनी डोळे मिटून मान डोलावली. "गंधार लागलो." सलग काही सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही, कॉम्प्रेसर तापतो, एवढी सूचना देऊन ते पाना पुसायला लागले.

पुढे सुट्टीच्या दिवशी वादी बनी औफ. कड्याला चिकटलेल्या एका वळणाआधी गाडी थांबवून हॉर्न दिला. दगडी भिंतींनी तो एकमेकींकडे टोलवला, खालचा सूर वळणापलीकडे गेलेला कळत होता. खर्ज कोपऱ्यांना वळसा घालतो आणि बंद काचांतूनही शिरतो, म्हणून लांब कर्णा लागतो. हळूहळू पुढे गेलो. वळणापलीकडे रुंद जागा बघून एक पिकअप कड्याला अगदी चिकटून थांबली होती. मागे चाऱ्याच्या पेंढ्या, आरसा आत दुमडलेला. आम्ही शेजारून सरकलो तशी काच खाली आली. पांढरी दाढी, डोक्याला मसर. माझ्या गाडीमागे वाकून बघत त्यांनी विचारलं, "सदीक, लॉरी किधर है?"

लॉरी नाही, हीच गाडी, असं सांगितल्यावर ते खो खो हसले. आणि मग पुन्हा वाजवून दाखव म्हणाले.