फोर-व्हील ड्राइव्ह आहे ना, मग हिवाळी टायर कशाला?



थंडी पडायला लागली की मंडळाच्या गप्पांत एक वाद हमखास निघतो. आमच्याकडे तो संक्रांतीच्या कार्यक्रमात, चहाच्या टेबलापाशी निघाला. एक काका म्हणाले, "सहा हिवाळे झाले, माझी एसयूव्ही ऑल-सीझन टायरवरच चालते. एकदाही अडकलो नाही. हिवाळी टायर म्हणजे दुकानदारांचा धंदा." त्यावर एक ताई म्हणाल्या, "आमचीही फोर-व्हील ड्राइव्हच आहे, टायरही ऑल-सीझनच. डिसेंबरात वळणावर सरळ खड्ड्यात गेलो."

दोघंही खरं बोलत होते. गाडीचा प्रकार तोच, टायरचा प्रकार तोच, आणि अनुभव मात्र उलटे. असं का होतं, हे आज समजून घेऊ. (फोर-व्हील ड्राइव्ह आणि ऑल-व्हील ड्राइव्ह यांच्या यंत्रणेत फरक आहे, पण आजच्या मुद्द्यापुरतं दोन्हीत इंजिनाचा जोर चारही चाकांकडे जातो, एवढं पुरे.)

आधी एक कबुली देते. माझं संशोधन बहुवारिकांवर आहे, म्हणजे रबर आणि प्लास्टिकच्या कुळातल्या पदार्थांवर. तरीही काही वर्षांपूर्वी मी स्वतः त्या काकांच्याच पक्षात होते. आम्ही तेव्हा न्यूयॉर्क राज्यात, इथाकाला राहत होतो. ते गाव म्हणजे नुसते चढउतार. आईबाबा पुण्याहून आले होते. सकाळी बर्फातून घराचा चढ चढताना मी बाबांना ऐटीत सांगितलं, "बघा, चाक जरासुद्धा फिरलं नाही जागच्या जागी. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे." संध्याकाळी त्याच रस्त्यावरून उतरताना खालच्या स्टॉप साइनपाशी मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक थरथरला, आणि गाडी स्टॉप साइन ओलांडून, आडवा रस्ता पार करून पलीकडच्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबली. आडव्या रस्त्यावर त्या क्षणी कोणी नव्हतं, एवढंच आमचं नशीब. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळी तर चढली होती की."

या लेखाचा सगळा विषय त्या एका वाक्यात आहे.

चढणं वेगळं, थांबणं वेगळं

रस्ता टायरला जास्तीत जास्त किती जोराने धरून ठेवू शकतो, हे घर्षण गुणांकावरून ठरतं. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.८ असतो. गाड्यांनी दाबून घट्ट झालेल्या स्नोवर ऑल-सीझन टायरसाठी ०.२ धरा, हिवाळी टायरसाठी ०.३. काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी. हे आकडे ढोबळ आहेत, पण हिशोबाला पुरेसे आहेत.

आता चढ बघू. दर १०० मीटरला ८ मीटर उंची वाढते असा रस्ता घ्या. तो चढायला गाडीला आपल्या वजनाच्या साधारण ०.०८ पट जोर लागतो. पुढच्याच चाकांवर चालणाऱ्या गाडीत वजनाचा सुमारे ६० टक्के भाग त्या चाकांवर असतो, म्हणून तिला स्नोवर ०.२ च्या ६० टक्के, म्हणजे ०.१२ एवढीच पकड वापरता येते. ती कशीबशी चढेल, मध्येच चाक जागच्या जागी फिरेल. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला पूर्ण ०.२ वापरता येते. ती आरामात चढते. इथपर्यंत काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण ब्रेक? ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. साध्या गाडीला थांबताना जेवढी पकड मिळते तेवढीच तुमच्या एसयूव्हीलाही मिळते. ऑल-व्हील ड्राइव्हचा तिथे काही उपयोग नाही. उलट गाडी उताराला लागली की गुरुत्वाकर्षण पकडीतला वाटा खाऊन टाकतं. त्याच ८ टक्के उतारावर ०.२ मधून ०.०८ वजा होतात आणि थांबण्यासाठी उरतात ०.१२.

ताशी २५ मैल वेगाने जाणाऱ्या गाडीचं थांबायचं अंतर काढलं तर असं दिसतं:

कोरडा सपाट रस्ता: सुमारे ८ मीटर
स्नो, सपाट रस्ता, हिवाळी टायर: सुमारे २१ मीटर
स्नो, सपाट रस्ता, ऑल-सीझन टायर: सुमारे ३२ मीटर
स्नो, ८ टक्के उतार, हिवाळी टायर: सुमारे २९ मीटर
स्नो, ८ टक्के उतार, ऑल-सीझन टायर: सुमारे ५३ मीटर

ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. आणि सपाट रस्त्यावर हिवाळी टायरची गाडी २१ मीटरवर उभी राहिली असेल, त्याच जागी ऑल-सीझनची गाडी अजून ताशी १४ मैलांच्या आसपास वेगाने पुढे जात असेल. समोर कोणी रस्ता ओलांडत असेल तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

यात आणखी एक मेख आहे. साध्या गाडीचं चाक सुटतानाच घसरतं, तेव्हा ती चालकाला आपोआप सांगते की आज रस्ता वाईट आहे, जरा जपून. ऑल-व्हील ड्राइव्ह नेमकी हीच सूचना गिळून टाकते. गाडी झकास सुटते, वेग घेते, आणि रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर किंवा वळण घेताना. माझं तेच झालं होतं.

चिक्की आणि रबर

आता टायरकडे वळू. गुळाची चिक्की करताना गरम पाक हवा तसा पसरतो, आणि थंड झाला की कडकडीत होतो, बोटाने मोडतो. पाकातली साखर तेव्हा काचेसारख्या अवस्थेत गेलेली असते. रबराचंही असंच आहे. विशिष्ट तापमानाच्या खाली त्याच्या लांबच लांब रेणूंची वळवळ थांबते आणि ते काचेसारखं कडक होतं. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबरासाठी ते उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबरासाठी उणे १०० च्या आसपास, तर टायरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्टायरिन-ब्युटाडाइन रबरासाठी, घटकांच्या प्रमाणानुसार, त्याहून बरंच वर.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे उणे ५० कुठे होतं? बरोबर. पण रबर एका रात्रीत कडक होत नाही, ते संक्रमण तापमानाकडे जाता जाता हळूहळू ताठर होत जातं. शिवाय ब्रेक दाबल्यावर रस्त्याचे बारीक खडबडीत कण रबराला सेकंदाला हजारो वेळा दाबतात. इतक्या घाईत दाबलं की रेणूंना हलायला सवड मिळत नाही आणि रबर थर्मामीटर दाखवतो त्यापेक्षा जास्त थंड असल्यासारखं वागतं. विहिरीत सूर मारला तर पाणी वाट देतं, पण पोटावर पडलं की तेच पाणी फळीसारखं लागतं, तसंच काहीसं.

टायरची पकड येते ती रबर मऊपणे रस्त्याच्या खाचाखोचांत शिरतं म्हणून. ताठर रबर वरवरून सरकतं. म्हणून हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइनचं प्रमाण जास्त ठेवतात. पण तेच टायर जुलैत वापरले तर गरजेपेक्षा मऊ पडतात, भराभर झिजतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेतात. ऑल-सीझन टायर ही या दोन टोकांमधली तडजोड आहे. गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये टिएम्पो हा टायर आणल्यापासून अमेरिकेत ही तडजोड रूढ झाली. तडजोड वाईट नसते, फक्त ती तडजोड आहे हे आपल्या लक्षात असावं लागतं.

स्नोला स्नोच धरतो

कोरड्या रस्त्यावर रबर डांबराला धरतं. स्नोमध्ये गंमत वेगळी आहे. मुलं स्नोचा गोळा करतात तेव्हा मुठीत दाबलेले कण लाडवासारखे एकमेकांना घट्ट धरतात. टायरच्या खोल खाचांत असाच स्नो दाबून भरतो आणि तो रस्त्यावरच्या स्नोला रबरापेक्षा चांगला धरतो. हिवाळी टायरच्या खाचा म्हणूनच खोल आणि रुंद असतात, आणि प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात.

याचा अर्थ असा की टायर झिजला की स्नोमधली त्याची ताकद आधी जाते. नव्या ऑल-सीझन टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत १.६ मिलिमीटरपर्यंत टायर कायदेशीर असतो, पण स्नोसाठी तो त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. घरच्या घरी तपासायचं तर २५ सेंटचं नाणं खाचेत वॉशिंग्टनचं डोकं खाली करून घाला. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसत असेल तर खोली सुमारे ३ मिलिमीटरच्या खाली आहे, आणि त्या टायरवर हिवाळा काढू नका.

टायरवरची खूण वाचा

ऑल-सीझन टायरवर बहुधा 'एम+एस' असं लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि स्नो. ही खूण टायरवरच्या नक्षीच्या रचनेवरून मिळते, स्नोवर चाचणी घेऊन नाही. दुसरी खूण आहे तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ती मिळवायला टायरला दाबलेल्या स्नोवरची ठरलेली चाचणी पार करावी लागते. मात्र अमेरिकेतली ही चाचणी वेग घेण्याची आहे, थांबण्याची किंवा वळण्याची नाही, आणि गोठलेल्या बर्फावरची तर नाहीच.

कायदेही ठिकठिकाणी वेगळे आहेत. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी फक्त डोंगराची खूण चालते, नुसतं 'एम+एस' चालत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणून कोणाला सूट नाही. याउलट कॅलिफोर्नियात लेक टाहोच्या वाटेवर 'आर-२' अशी पाटी लागली असेल, तर चारही चाकांवर 'एम+एस' टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला साखळ्या बांधाव्या लागत नाहीत, फक्त सोबत ठेवाव्या लागतात. बे एरियातल्या आपल्या लोकांना ही सूट चांगलीच पाठ असते. पण ती पाटी 'तुम्ही घाट चढू शकाल' एवढंच सांगते. परतीच्या उताराबद्दल ती काहीच सांगत नाही.

मग काका खरे की ताई?

आता कोडं सुटतं. काकांनी विचारलेला प्रश्न होता, "अडकलो का?" आणि अडकणं हा सुटण्याचा, चढण्याचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ऑल-व्हील ड्राइव्ह छान देते. ताईंचा प्रसंग वळण्याचा होता, आणि तिथे फक्त टायर बोलतो. शिवाय काकांचं गाव सपाट आहे, रस्ते पहाटेच साफ होतात, टायर दोनच वर्षांचे आहेत. ताईंचे टायर पाच वर्षांचे, आणि त्या दिवशी तापमान शून्याच्या जरा वर-खाली होतं. तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तो कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षाही जास्त निसरडा असतो.

आणि सहा हिवाळ्यांत काही झालं नाही, यावरून सातव्याबद्दल फारसं कळत नाही. ज्या दिवशी एकदम ब्रेक दाबायची वेळच आली नाही, त्या दिवशी टायरची परीक्षाही झालेली नसते.

मग करायचं काय? मिनेसोटा, मिशिगन, उत्तर न्यूयॉर्क किंवा कॅनडात राहत असाल तर हिवाळी टायरचा वेगळा संच घ्या. खर्च दिसतो तेवढा नाही, कारण एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही. न्यू जर्सी किंवा शिकागोसारख्या ठिकाणी डोंगराची खूण असलेले 'ऑल-वेदर' टायर हा चांगला मधला मार्ग आहे. टेक्साससारख्या ठिकाणी किंवा लंडनमध्ये चांगल्या स्थितीतले ऑल-सीझन पुरतात.

टायर नेहमी चारही एकत्र बदला. ऑल-व्हील ड्राइव्हला याचं आणखी एक कारण आहे. २८ इंच व्यासाच्या टायरपैकी एक सुमारे ३ मिलिमीटर जास्त झिजलेला असेल तर तो दर मैलाला सुमारे सहा फेऱ्या जास्त फिरतो. हा फरक जिरवता जिरवता पुढची-मागची चाकं जोडणारी यंत्रणा तापते, आणि तिची दुरुस्ती टायरपेक्षा कितीतरी महाग पडते.

आणि एक सवय लावून घ्या. स्नो पडला असेल त्या दिवशी घरातून निघाल्यावर मोकळ्या, सपाट जागी, मागेपुढे कोणी नाही हे बघून, अगदी हळू वेगात एकदा ब्रेक दाबून बघा. गाडीने जी सूचना गिळली आहे, ती अशी मागून घ्यावी लागते. मी आता दर वेळी हे करते. बाबा गाडीत असले तर तेच आठवण करतात.