श्रीलिपीचे फॉन्ट आणि ब्राउझरचे ठसे

ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा टीटीसी औद्योगिक पट्टा एके काळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आज ऐरोली, रबाळे, महापे भागांत त्याच पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. खिडक्या जवळपास नाहीत, आवारात डिझेल जनरेटरची रांग आणि आतली यंत्रं थंड ठेवण्यासाठी अहोरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रणा. पनवेलजवळ योट्टा कंपनीचं प्रचंड केंद्र २०२० मध्ये सुरू झालं. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेतला सर्वांत मोठा वाटा मुंबई महानगर परिसराचा आहे आणि त्यातला बराचसा भार नवी मुंबई उचलते. माहिती कुठेतरी 'ढगात' असते हा समज इथल्या रहिवाशाने तरी बाळगू नये. ती सिमेंटच्या भिंतींआड असते आणि तिचा बराच भाग आपल्याच ब्राउझरमधून निघालेला असतो.

ब्राउझर काय काय सांगतो? कुकीची गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ती तयार केली. दुकानाच्या संकेतस्थळाला आपली खरेदीची टोपली लक्षात राहावी, एवढाच हेतू होता. पुढे जाहिरात कंपन्यांनी तीच युक्ती हजारो संकेतस्थळांवर एकाच वेळी वापरली आणि बातमी वाचणारा, औषध शोधणारा व कर्जाचा हप्ता मोजणारा माणूस एकच आहे हे त्यांना कळू लागलं. या त्रयस्थ कुकी सफारीने मार्च २०२० पासून सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात कोंडल्या. क्रोमनेही २०२० मध्ये त्या बंद करण्याचा शब्द दिला होता. चार वर्षं मुदती पुढे ढकलून जुलै २०२४ मध्ये गूगलने तो मागे घेतला. ज्या कंपनीचं मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येतं, तिच्याकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा ठेवणं कठीण आहे.

पण कुकी निदान पुसता येते. खरी अडचण ठशांची आहे.

पीटर एकर्स्ली या संशोधकाने २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनसाठी एक प्रयोग केला. लोकांनी एका पानावर यायचं आणि आपला ब्राउझर न विचारता काय सांगतो ते नोंदवू द्यायचं. पडद्याचा आकार, कालविभाग, ब्राउझरची आवृत्ती, बसवलेले फॉन्ट आणि प्लगइन, एवढंच. नाव नाही, ईमेल नाही. ४ लाख ७० हजारांहून अधिक ब्राउझर तपासले गेले आणि त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. दुसऱ्या कुणाशीही त्यांचं जुळलं नाही. क्षुल्लक वाटणारे दहा-बारा तपशील एकत्र आले की त्यांचा गुणाकार होतो आणि त्या गुणाकारातून एकच माणूस उरतो. हाच ब्राउझरचा ठसा. प्रयोगाला आलेली मंडळी गोपनीयतेबद्दल जागरूक होती, म्हणून हा आकडा सगळ्या जगाला जसाच्या तसा लावता येत नाही. तत्त्व मात्र पक्कं आहे.

आता हे आपल्या गावात आणून पाहा. ऐरोलीतल्या एखाद्या मोठ्या आयटी कंपनीने शेकडो कर्मचाऱ्यांना एकाच प्रकारचे लॅपटॉप दिलेले असतात. मांडणी सारखी, फॉन्ट सारखे, ब्राउझरची आवृत्तीही सारखी. तिथे ठशावरून माणूस ओळखणं जड जातं. याउलट बेलापूरमधल्या एखाद्या मराठी टायपिंगच्या दुकानातला संगणक घ्या. त्यावर श्रीलिपीचे फॉन्ट, कुणा गिऱ्हाइकासाठी टाकलेला कृतिदेव, लग्नपत्रिकांसाठी जमवलेली सुलेखनाची संचिका. ब्राउझरची पहिली भाषा मराठी. कालविभाग साडेपाच तास पुढे, आणि त्याचं नावसुद्धा क्रोम 'एशिया/कलकत्ता' असं जुन्या रूपात कळवतो, तर फायरफॉक्स 'एशिया/कोलकाता' म्हणतो. परदेशातल्या एखाद्या संकेतस्थळाच्या नोंदीत असा संगणक दुसरा सापडणं अवघड. मराठीत काम करणारा माणूस इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा जास्त उघडा पडतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि गोपनीयतेच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

यातून वाचण्यासाठी लोक ब्राउझरला जोडायच्या एक्स्टेंशनकडे वळतात आणि बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त बसवतात. जाहिरात अडवणारं, कुकी पुसणारं, व्हीपीएनचं, सवलतीची कुपनं शोधणारं. बसवताना 'सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली जाते, ती देताना कुणी थांबत नाही. सोसायटीच्या रखवालदाराला फाटकावर बसवताना प्रत्येक घराची किल्लीही त्याच्याच खिशात टाकावी, तसं हे आहे. रखवालदार बदलला तरी किल्ल्या खिशातच राहतात. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेंशन २०२० मध्ये मूळ निर्मात्याने विकलं आणि पुढच्या फेब्रुवारीत गूगलला ते घातक म्हणून बंद करावं लागलं. 'वेब ऑफ ट्रस्ट' तर संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का ते सांगायचं. ते लोकांचा भेटींचा इतिहास गोळा करून विकत असल्याचं जर्मनीतल्या एनडीआर वाहिनीच्या पत्रकारांनी २०१६ मध्ये उघड केलं. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीला याच प्रकारच्या विक्रीबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षणाच्या नावाखाली आलेल्यांनीच हे केलं. शिवाय पानावर काही बदल करणारं प्रत्येक एक्स्टेंशन आपल्या ठशात आणखी एक रेघ वाढवू शकतं.

म्हणून मी एकच सुचवतो: जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल यांनी २०१४ पासून ते विनामूल्य चालवलं आहे, देणग्याही ते घेत नाहीत आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. क्रोमच्या एक्स्टेंशनविषयीच्या नव्या नियमांमुळे त्याची पूर्ण आवृत्ती तिथे आता चालत नाही, 'लाइट' रूपच मिळतं. फायरफॉक्सवर ती अजून चालते. माझ्या मते ब्राउझर निवडायला एवढं कारण पुरेसं आहे.

मात्र हा सल्ला लॅपटॉपवाल्यांचा झाला. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत इंटरनेट वापरणारे बहुतेक जण मोबाइलवर असतात आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन बसतच नाहीत. तिथे ब्राउझरची निवड हाच एकमेव उपाय उरतो: फायरफॉक्स, ज्यात मोबाइलवरही युब्लॉक चालतं, किंवा जाहिराती मुळातच अडवणारा आणि ठशात मुद्दाम गोंधळ मिसळणारा ब्रेव्ह. 'इन्कॉग्निटो' खिडकीवर भिस्त ठेवू नका. ती घरातल्या माणसांपासून इतिहास लपवते, संकेतस्थळांपासून नाही. त्यावरूनच अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीला अब्जावधी नोंदी नष्ट करणं मान्य करावं लागलं.

देशी ब्राउझरचं काय, असा प्रश्न येतो. चिनी यूसी ब्राउझर एके काळी भारतात घरोघरी होता. तो वापरणाऱ्यांची माहिती बाहेर गळू देतो हे टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवलं, तरी त्याच्यावर बंदी आली २९ जून २०२० ला, सीमेवरच्या तणावानंतर. त्याच ऑक्टोबरमध्ये जिओने मराठीसह आठ भारतीय भाषांत 'जिओपेजेस' आणला. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत झोहो कंपनी पहिली आली. मराठीतून चालणारा ब्राउझर मिळणं चांगलंच आहे. पण कंपनी कुठली यापेक्षा तिचे पैसे कशातून येतात हे आधी पाहावं. आपली माहिती कुणी, कशासाठी घेतली हे विचारण्याचा हक्क २०२३ चा डेटा संरक्षण कायदा देतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. तोवर ब्राउझरची सेटिंग आपल्याच हातात आहे.

टायपिंगच्या दुकानदाराने श्रीलिपी काढून टाकावी असं मी म्हणणार नाही, तो त्याचा पोटापाण्याचा धंदा आहे. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी' खाली 'स्ट्रिक्ट' निवडलं की बाहेरून बसवलेले फॉन्ट संकेतस्थळांना दिसेनासे होतात. युनिकोडमधली मराठी संकेतस्थळं विंडोजच्याच मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये पूर्वीसारखी वाचता येतात आणि लग्नपत्रिका मांडण्याच्या सॉफ्टवेअरला तर या बदलाचा पत्ताही लागत नाही. एखादं बँकेचं पान अडखळलं, तर पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीच्या चिन्हावर दाबून तेवढ्या संकेतस्थळापुरतं संरक्षण उतरवता येतं.