परदेशी अभ्याससहल आखताना

कीव्हच्या भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी सूचना काढली: ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते युक्रेन सोडावे. नऊच दिवसांनी युद्ध पेटले आणि हवाई हद्द बंद झाली. मग हजारो मुलांना थंडीत पोलंड, रोमानिया, हंगेरीच्या सीमा गाठाव्या लागल्या. त्यांना मायदेशी आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’ या सरकारी मोहिमेची विमाने शेजारच्या देशांतूनच उडाली.

सहल आखणाऱ्या प्राध्यापकांनी म्हणूनच तिकिटांच्या आधी दूतावासाच्या सूचना वाचाव्यात. सहल कोणत्या परिस्थितीत रद्द होईल, हेही पैसे गोळा करण्यापूर्वी लेखी ठरलेले बरे. एकदा पैसे अडकले की ‘बघू, काही होत नाही’ म्हणण्याचा मोह फार होतो.

कागदपत्रेही आधीच तपासावीत: युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, शिवाय पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे औषधे. दुबईला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई काळजीपोटी खोकल्याचे औषध टाकते. त्यात कोडीन असेल, तर संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित औषध ठरते आणि पूर्वपरवानगी लागते. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचेही तसेच. प्रत्येकाच्या औषधांची लेबले निघण्यापूर्वी कुणीतरी बसून वाचलीच पाहिजेत.

आणीबाणीचे क्रमांक प्रत्येकाच्या खिशातल्या कागदावर असावेत, कारण मोबाइलची बॅटरी संपते: युरोपीय संघात ११२; जपानमध्ये पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९.