अजिंठ्यातून नेमकं काय उचललं?

अमृता शेर-गिल यांच्या १९३७ सालच्या तीन तैलचित्रांना मिळून ‘दक्षिण भारतीय त्रयी’ म्हणतात : ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणेतले गावकरी’. त्यांची प्रेरणा अजिंठा, असं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. पण या चित्रांत ना बोधिसत्त्व आहे, ना जातककथा. मग अजिंठा आहे कुठे?

तो शोधायला आधी पॅरिसला जावं लागतं. बुडापेस्टला १९१३ मध्ये जन्मलेल्या अमृता सोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला गेल्या. समोर मॉडेल बसवून हाडामांसाचं शरीर रंगवायची तालीम तिथे झाली. फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रं पाहून आकार घट्ट बांधणं कळलं, गोगँ या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून रंगाचा मोठा सपाट भाग न घाबरता लावणं. गंमत अशी की १९३४ मध्ये, अजिंठा पाहण्याआधीच, त्यांनी युरोपातून घरी पाठवलेल्या पत्रात अजिंठ्याच्या एका भित्तिचित्राला अख्ख्या रेनेसाँच्या वर बसवून टाकलं होतं. आणि ही नजर आपल्याला आधुनिक युरोपीय कलेनेच दिली, हेही प्रांजळपणे लिहिलं होतं.

मुंबईत १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये ताजमहाल हॉटेलात त्यांचं प्रदर्शन भरलं. वकील आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी मैत्री जमली, त्यांच्याकडची पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रं पाहून झाली, आणि मग अजिंठा-वेरूळ करत त्या थेट कन्याकुमारीपर्यंत गेल्या.

अजिंठ्याच्या पहिल्या किंवा सतराव्या लेण्यात डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं. (शाळेच्या सहलीत ते जमत नाही, तिथे रांग पुढे ढकलत असते.) मग दिसते ती माणसांची दाटी. एकाचा खांदा दुसऱ्याच्या दंडाआड, तिसऱ्याची मान त्यावर झुकलेली. तरी गोंधळ नाही, कारण प्रत्येक शरीर वाहत्या रेषेने बांधलेलं आहे. गोरी, सावळी, गडद तपकिरी अशी निरनिराळ्या वर्णांची माणसं शेजारीशेजारी आहेत, आणि त्या वर्णभेदानेच गर्दीतली माणसं एकमेकांपासून सुटी होतात. अंगांना गोलाई आहे, पण जमिनीवर सावली पडलेली नाही.

शेर-गिल यांनी उचलली ती ही बांधणी. बंगाली शैलीच्या चित्रकारांनीही अजिंठ्याकडून घेतलं होतं, पण अनेकदा ते निमुळती बोटं आणि अर्धोन्मीलित डोळे यांपुरतंच राहिलं. शेर-गिल त्या शैलीवर कडक टीका करत. ती टीका थोडी अन्यायाची होती, असं मला वाटतं. त्याच शैलीतल्या नंदलाल बोस यांनी लेण्यांत बसून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या होत्या, त्यांना अजिंठा वरवरचा कळला असं म्हणवत नाही.

‘ब्रह्मचारी’मध्ये पाच मुलं आहेत : पांढरी धोतरं, उघडी अंगं, जानवी. मागची जागा जवळजवळ सपाट रंगाची. कुणी कुणाशी बोलत नाही, काही घडत नाही. डोळा एका सावळ्या अंगावरून दुसऱ्यावर जातो तो पांढऱ्या धोतरांच्या आधाराने. दक्षिणेत दिसलेली काळीसावळी माणसं आणि त्यांचे पांढरे कपडे हा विषय प्रवासातला. पाच शरीरं एका चौकटीत बसवण्याची रीत लेण्यातली. आणि सपाट पार्श्वभूमीचं धाडस पॅरिसचं.

‘वधूचा शृंगार’मध्ये वर्णाची ती युक्ती आणखी उघड होते. मधोमध उजळ कांतीची वधू, भोवती गडद वर्णाच्या स्त्रिया, मुलं, आणि वधूचे रंगवलेले लाल तळवे. कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रंही त्यांनी याच प्रवासात पाहिली आणि त्यांवरून रेखाटनं केली. तिथल्या आकृती भरदार, एकमेकींत गुंतलेल्या आहेत. वधूभोवतीच्या घट्ट घोळक्यात मला अजिंठ्याइतकंच मट्टनचेरीही दिसतं, पण तिचं नाव तितकं घेतलं जात नाही.

तिन्ही चित्रं रंगवली गेली ती मात्र दक्षिणेपासून दूर, सिमल्याला परतल्यावर. समोर ना लेणं होतं, ना बाजार. त्यामुळे तपशील गळाला आणि मांडणी उरली. ही भव्य, शिल्पासारखी रीत त्यांनी फार काळ वापरलीही नाही. १९३८ पासून, विशेषतः गोरखपूरजवळच्या सराया गावी रंगवलेल्या चित्रांत, माणसं लहान होत गेली, भोवती अंगण आणि झाडं आली, आणि अजिंठ्याची जागा लघुचित्रांनी घेतली.